अर्जियाची शिट्टी

"आज कुणीही शिट्टी वाजवायची नाही, कळलं?" गॅलरीच्या जिन्यात इलारियो वर येणाऱ्या प्रत्येकाला दम भरत होता. "पोरगं आपल्या अर्जियाचं आहे."

इटलीतल्या आमच्या पार्मा गावात गाण्याला शिट्टी म्हणजे शिवीच. आमच्या ऑपेरागृहात खाली मखमली खुर्च्या, आणि सगळ्यात वर, छताला डोकं टेकेल अशी, आमची लाकडी बाकांची गॅलरी. तिकीट सगळ्यांत स्वस्त आणि मिजास सगळ्यांत मोठी. भल्याभल्या गवयांना आम्ही इथून रडवलंय. इलारियो न्हावी, मी बटणांच्या दुकानातली आणि माझ्या शेजारी कायम अर्जिया. ती हॅमच्या, म्हणजे खारवून वाळवलेल्या डुकराच्या मांड्यांच्या, गोदामात कामाला होती. घोड्याच्या हाडाची सुई मांसात खुपसायची, नाकाशी धरायची आणि माल पास की नापास ते सांगायचं. मालकानं डोकं आपटलं तरी नापास ते नापासच. गॅलरीतही तिचा खाक्या तोच.

त्या रविवारी दुपारी तिचा मुलगा लेआर्को इथे पहिल्यांदा गाणार होता. जुना, सगळ्यांना तोंडपाठ असलेला विनोदी ऑपेरा. त्यात लग्नाला उतावीळ झालेल्या कंजूष म्हाताऱ्याचं काम त्याच्याकडे होतं. या म्हाताऱ्याचं एक गाणं आहे, शब्द असे धावतात की श्वास घ्यायला फुरसत नाही. सगळे त्याच गाण्याची वाट बघत असतात.

गाणं आलं, आणि लेआर्कोनं अर्धे शब्द गिळले. ते झाकायला त्यानं डोक्यावरचा टोप पाडला, खुर्चीवरून घसरला, डोळे फिरवले. खालची माणसं खो-खो हसली. वर आम्हाला सगळं कळत होतं. तरी आम्ही टाळ्या वाजवल्या, शेजारच्या घरच्या लग्नात वाजवतात तशा. मीही वाजवल्या.

अर्जियानं मान वळवून एकेकाकडे पाहिलं.

"हे काय चाललंय?"

"छान गायला की गं," मी म्हटलं.

"खोटं बोलू नकोस, देल्फिना. मागच्या खेळाला त्या जाड्याला याच गाण्यासाठी सोलून काढलंत. मग याला का सोडता?"

"तुझ्यासाठी गं बाई," मागून इलारियो पुटपुटला. "आपलंच लेकरू."

"लेकरू घरी. इथे तो गवई म्हणून उभा आहे. भीक घातलीत तुम्ही त्याला. उद्यापासून गावात काय म्हणतील? अर्जियाचा मुलगा, म्हणून चालवून घेतला."

मला तिचा भयंकर राग आला. ही आई आहे की कोण, असं वाटलं. तेवढ्यात तिनं दोन बोटं तोंडात घातली आणि शिट्टी फुंकली.

टाळ्या जागच्या जागी थांबल्या. खालच्या बायकांनी माना वर करून पाहिलं. लेआर्कोनंही पाहिलं. ती शिट्टी कुणाची, हे त्याला सांगावं लागलं नाही. लहानपणी नदीवरून जेवायला त्याला याच शिट्टीनं बोलावत असे ती. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. वाद्यवृंदाच्या प्रमुखानं घाईघाईनं पुढच्या प्रवेशासाठी काठी उचलली.

लेआर्कोनं हात वर करून त्याला थांबवलं.

"पुन्हा," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

टोप त्यानं खुर्चीवर ठेवून दिला. या वेळी ना घसरणं, ना डोळे फिरवणं. नुसता उभा राहिला आणि गायला. एकेक शब्द आमच्या बाकांपर्यंत स्वच्छ पोचत होता. अर्जिया कठड्याला धरून ओठ हलवत होती. शेवटच्या सुराला मात्र त्याचा श्वास संपला आणि आवाज फाटला.

गॅलरीतले सगळे इलारियोकडे बघत होते. इलारियोनं एकदा अर्जियाकडे पाहिलं, घसा खाकरला आणि त्या फाटक्या सुराला कडक शिट्टी दिली. मग बाकीच्या गाण्यासाठी उभा राहून तळहात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या. पाठोपाठ सगळी गॅलरी उठली.

"हां," अर्जिया म्हणाली. "आता कसं."

मी तिचा हात धरायला गेले, तर तिनं टाळ्या वाजवायला सोडवून घेतला.

खाली लेआर्को आधी टाळ्यांना वाकला. मग इलारियो उभा होता त्या कोपऱ्याकडे वळला आणि शिट्टीलाही तितकाच खाली वाकला.