दहीकाकांच्या खोलीतली टाकी

मित्रांनो, मी जुनी झाले आहे हे मला कुणी सांगायला नको. माझे सांधे पिवळे पडले आहेत. उजव्या बाजूला एक लांब ओरखडा आहे. आतला दिवा लागला की तो रुपेरी दिसतो, म्हणून मीही त्याचे फारसे वाईट वाटून घेत नाही. मी माशांची टाकी आहे, काचेची. तुम्ही म्हणाल, काचेच्या पेटीला कसले आले आयुष्य? खरे आहे. रिकामी असते तेव्हा मलाही काही सुचत नाही. पण माझ्यात पाणी भरले की मला स्वप्ने पडू लागतात. कधी वाटते मी तळे आहे, कधी वाटते मी आभाळ आहे आणि माझ्यातून मासे नव्हे, रंगीत पाखरे चालली आहेत.

माझा जन्म एका काचकामाच्या दुकानात झाला. कारागीर अबोल माणूस होता. त्याने काचा मोजून कापल्या, कडा घासल्या आणि मला नीट जोडून वाळू दिले. मग मला काठोकाठ भरून, खाली कोरडा कागद अंथरून तो जेवायला गेला. परत आला तेव्हा कागद तसाच कोरडा होता. माझ्या अंगावर थाप मारून तो म्हणाला, "जमलीस!" ते माझे पहिले कौतुक. पण मला जास्त आठवते ते पाणीच. त्या दुपारी दारातून ऊन आले, माझ्यातून गेले आणि समोरच्या भिंतीवर हलू लागले. मी बघतच राहिले.

पुढे मी दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांच्या बाहेरच्या खोलीत माझी नेमणूक झाली. माझ्यासमोर बसणाऱ्या प्रत्येकाचा हात गालावर असे आणि लक्ष आतल्या मशीनच्या आवाजाकडे. रडणारी मुले माझ्यापाशी येऊन थांबत, मासे मोजू लागत, मोजता मोजता चुकत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. तेवढ्यात रडू विसरून जात. मोठी माणसेही मोजत, पण ती गुपचूप. फार चांगले दिवस होते ते.

मग डॉक्टरांचे वय झाले आणि दवाखाना बंद झाला. माझे मासे कुणी कुणी घरी नेले. मला मात्र मागच्या अडगळीच्या खोलीत ठेवले. माझ्यात वर्तमानपत्रांची रद्दी, एक मोडकी छत्री आणि फरशी घासायचा ब्रश येऊन पडला. मित्रांनो, पाणी नसले की स्वप्नही नसते. मी तिथे किती काळ होते, मला सांगता येणार नाही.

एके दिवशी दवाखान्यात पूर्वी काम करणारी मुलगी उरलेसुरले सामान आवरायला आली. तिने छत्री बाहेर काढली, माझ्या काचेवरची धूळ ओढणीने पुसली आणि म्हणाली, "अगं, तू इथेच आहेस होय! चल, बाबांकडे." मी तिच्या आईवडिलांच्या घरी गेले ती अशी.

तिची आई म्हणजे सिस्टर. सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणे, कारण सगळा जन्म त्यांनी इस्पितळात, ऑपरेशनच्या खोलीत काढला होता. तिथली एकेक कात्री त्या उकळून घेत. निवृत्त झाल्या तरी हात शिवशिवत. घरातल्या दारांच्या कड्यासुद्धा औषधाच्या पाण्याने पुसल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. तिचे वडील म्हणजे दहीकाका. त्यांची दुधादह्याची छोटी डेअरी होती. लेक गमतीने म्हणे, "आमच्या आईनं जन्मभर जंतू मारले आणि बाबांनी जन्मभर पाळले. तरी संसार झाला की नाही!"

पण आता त्या घरात गंमत उरली नव्हती. दहीकाकांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात लुळा पडला होता आणि वाचा गेली होती. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. भरवले तर खात, न भरवले तर मागत नसत. त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी सिस्टरना दाराशी नेऊन म्हणाली, "आजी, हातपाय मी हलवीन हो. पण यांनी मनातून सोडून दिलंय. त्यांना बघायला काहीतरी द्या. काहीतरी जिवंत."

म्हणून मी. सिस्टरना माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती. दहीकाकांनी भिंतीकडून इकडे वळावे.

सिस्टर कामाला लागल्या ते पदर खोचूनच. खिडकीचे ऊन अंगावर येणार नाही अशा जागी भक्कम टेबल आले. ते सपाट आहे का, हे त्यांनी ताटलीत पाणी घालून पाहिले. तोवर सगळे उत्तम चालले होते. मग त्यांनी माझी खडी उकळली. पाणवनस्पती जांभळ्या औषधात बुचकळल्या. नळाचे पाणी भरताना त्याला औषधाचा वास आला तेव्हा त्या खूश होऊन म्हणाल्या, "छान! पाणी शुद्ध आहे." माशांच्या दुकानातल्या ताईंनी त्यांना एक बाटली दिली होती. तिचे थेंब टाकून तो वास आधी घालवायचा होता, कारण ते औषध माशांना बाधते. शिवाय ताई म्हणाल्या होत्या, "टाकी काही दिवस नुसती चालू ठेवा हं. मासे घाईनं नकोत." पण दुकानात गर्दी होती आणि सिस्टरना घाई. बाटली कपाटातच राहिली. दुसऱ्या दिवशी नारिंगी रंगाचे प्लॅटी मासे घरात आले.

त्यांची पिशवी माझ्या पाण्यावर तरंगत ठेवली, मग हळूच उघडली. मासे बाहेर सरकले आणि मला किती तरी वर्षांनी स्वप्न पडले. दिवा लागला. छतावर पाण्याची जाळी हलू लागली. ती भिंतीवर उतरली, दहीकाकांच्या नाकासमोर. त्यांनी जरा वेळ तिच्याकडे पाहिले. मग ती कुठून येते ते बघायला मान वळवली, मग खांदा, मग ते सगळेच वळले. सिस्टर स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी तोंडावर पदर धरला आणि आत निघून गेल्या.

पण मासे माझ्यात सुखी नव्हते. ते वर येऊन तोंडे उघडू लागले. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, पण काचेला कुठला आवाज? काही दिवसांत एकेक करून ते उलटे तरंगले. दहीकाकांनी सगळे पाहिले. शेवटचा मासा काढला तेव्हा ते पुन्हा भिंतीकडे वळले.

सिस्टरनी हाय खाल्ली नाही. आता बाटलीतले थेंब टाकले, पण स्वच्छता दुप्पट केली. जंतूंनीच मासे मारले, याबद्दल त्यांची खात्री होती. नवे मासे आले आणि त्यांच्याबरोबर रोजची घासपूस आली. माशांना बादलीत काढायचे, माझे सगळे पाणी ओतून टाकायचे, खडी उपसायची, पाणी गाळणाऱ्या फिल्टरचा स्पंज गरम पाण्याने खसाखसा धुवायचा. मी इतकी चकचकीत कधीच नव्हते आणि इतकी दुःखीही कधीच नव्हते.

कारण मित्रांनो, मासे पाण्यातच खातात आणि पाण्यातच घाण करतात. त्या घाणीचे विष होते. ते विष पचवणारे बारीक जीव असतात, डोळ्यांना न दिसणारे. ते स्पंजात, खडीत आणि माझ्या काचेवर हळूहळू वस्ती करतात. ती वस्ती उभी राहायला वेळ लागतो. सिस्टर बिचाऱ्या रोज ती वस्ती उठवून लावत होत्या. वाईट याचे वाटे की त्या हे सगळे मायेपोटी करत होत्या. दुसऱ्या खेपेचे मासेही गेले. दहीकाकांनी आता खाणेही कमी केले.

सिस्टर दुकानात गेल्या आणि परत आल्या त्या हातात पाण्याची पिशवी घेऊन. पिशवीत मासे नव्हते. एक जुना, काळपट, बुळबुळीत स्पंज होता. त्या भांडी आपटत मोठ्याने बोलत होत्या, "ताईंनी डोक्यालाच हात लावला. म्हणे, टाकी धुतलीत? म्हणे, हा आमच्या जुन्या टाकीतला स्पंज घ्या आणि तसाच घाला. तसाच! अशी घाण मी घरात घालू? निदान एक उकळी तरी देते."

स्पंज घेऊन त्या पलंगाजवळून मोरीकडे निघाल्या. भिंतीकडे तोंड केलेले दहीकाका एकदम वळले, त्यांचा डावा हात पुढे आला आणि त्याने स्पंज पकडला.

"अहो, सोडा. घाण आहे ती."

काका सोडीनात. स्पंजातले तपकिरी पाणी पांढऱ्याशुभ्र चादरीवर ठिबकू लागले.

"अहो, चादर! कालच धुतलीये! काय हवंय तुम्हाला? पाणी हवंय? बसायचंय?"

काका मानेने नाही, नाही म्हणत होते. बोलता येत नाही म्हणून त्यांचा चेहरा लाल झाला होता. मग त्यांनी हनुवटीने उशाशी ठेवलेल्या ताटाकडे खूण केली. ताटात दह्याची वाटी होती, न खाल्लेली. त्यांनी वाटीकडे पाहिले, हातातल्या स्पंजाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा वाटीकडे पाहिले.

सिस्टरनीही वाटीकडे पाहिले. इतकी वर्षे रोज रात्री त्यांनी नवऱ्याला कोमट दुधात चमचाभर जुने दही घालताना पाहिले होते. ते भांडे हलवायचे नाही, मधे मधे उघडून बघायचे नाही, यावरून घरात भांडणेही झाली होती.

"विरजण?" त्या हळूच म्हणाल्या. "हे विरजण आहे होय?"

दहीकाकांनी डोळे मिटले आणि स्पंज सोडला.

सिस्टर पलंगाच्या कडेला बसल्या. त्यांचा चेहरा कसनुसा झाला होता. "मी मारतच सुटले हो," त्या म्हणाल्या. "मला दुसरं येतंच कुठं?" मग उठल्या आणि तो काळा स्पंज न धुता माझ्या फिल्टरमध्ये बसवला. एवढे धैर्य त्यांना ऑपरेशनच्या खोलीतही लागले नसेल.

यावेळी मोजकेच मासे आले. सिस्टर चिमटीभर खाणे टाकत. अधूनमधून थोडे पाणी काढून तेवढेच नवे घालत. स्पंज मळला तर माझ्याच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळत. मधल्या दिवसांत त्या हात मागे बांधून माझ्यासमोर उभ्या राहत, अगदी शाळेत शिक्षा झाल्यासारख्या. मासे जगले. दहीकाका आता माझ्याकडे तोंड करून झोपत, माझ्याकडे तोंड करून जेवत. सकाळ कधी झाली आणि संध्याकाळ कधी झाली, ते आम्हा दोघांनाही कळत नसे. मला वाटते, आम्ही दोघे एकच स्वप्न बघत होतो.

हळूहळू माझी मागची काच हिरवी झाली. आधी नुसती झाक होती, मग मऊ मखमल आली. झाडे वाढून एकमेकांत गुंतली. सिस्टरनी बरेच दिवस तिकडे कानाडोळा केला. पण माणसाचा स्वभाव कुठे जातो? एका सकाळी त्या बाह्या सरसावून आल्या. हातात नवा कोरा ब्रश होता.

"एवढंच," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "नुसती मागची काच आणि तो झाडांचा गुंता. पाहुणे आले तर काय म्हणतील?"

त्यांचा हात पाण्यात शिरला. मी घाबरले, कारण त्या गुंत्यात काय होते ते मला ठाऊक होते. आणखी एकाला ठाऊक होते. दिवसचे दिवस माझ्याकडे बघणारा तो एकच माणूस घरात होता. ब्रश काचेला टेकला.

"राहू दे."

सिस्टरनी दाराकडे पाहिले. त्यांना वाटले शेजारचे कुणी आले. दारात कुणीच नव्हते. मग त्या सावकाश पलंगाकडे वळल्या. कोपरापर्यंत ओला हात तसाच हवेत होता.

दहीकाकांचे ओठ अजून हलत होते. कपाळावर घाम आला होता. "राहू दे," ते पुन्हा म्हणाले. शब्द जाडाभरडा होता, अडखळत आला होता, पण स्पष्ट होता. मग त्यांनी डावे बोट माझ्याकडे केले.

सिस्टर गुडघे टेकून खाली बसल्या आणि त्यांनी नाक काचेला लावले. आधी त्यांना काही दिसेना. मग त्या हिरव्या मखमलीजवळ एक ठिपका हलला. त्याला दोन डोळे होते. मग दुसरा दिसला, पानाआड तिसरा, आणि मग सगळा गुंताच टकामका त्यांच्याकडे बघू लागला. प्लॅटीची पिल्ले होती ती, मोहरीएवढी. मोठ्या माशांच्या तोंडी पडू नयेत म्हणून तिथे लपून, त्याच हिरव्या शेवाळावर वाढत होती.

ब्रश खाली पडला. सिस्टर हसत होत्या आणि रडतही होत्या. ओल्या हातानेच त्यांनी लेकीला फोन लावला. "अगं, तुझे बाबा मला ओरडले! हो, मला! चांगले दोनदा ओरडले!" नवरा ओरडल्याचे इतके कौतुक करणारी बाई मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही.

तर मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी टाकी आली, तर तिला वेळ द्या. पाणी थोडे बदला, खाणे थोडे घाला, मासे थोडे ठेवा. आणि एखाद्या दिवशी तिची काच हिरवी दिसली, तर लगेच ब्रश घेऊन धावू नका. आधी खाली बसा, नाक काचेला लावा आणि बघा, आत कोण आहे.