पाठीवरचे कुंकू

मी एक जुनी उबवणपेटी आहे. इस्पितळात अशक्त बाळांना ठेवतात ती नव्हे, आणि कोंबडीची अंडी उबवणारीही नव्हे. प्रयोगशाळेत काचेच्या बश्यांमध्ये जंतू वाढवतात, त्यांना ऊब देणारी मी. गोष्ट सांगावी इतके माझ्या आयुष्यात काही घडले आहे का, याची मला खात्री नाही. पण मित्रांनो, माझ्या पाठीवर एक फिकट लाल डाग आहे. त्याच्याविषयी सांगावे असे फार दिवस मनात आहे.

माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. दुहेरी पत्रा, पुढे काचेचे दार, खाली एक गोल बटण. बटण फिरवले की मी तापते आणि ठरल्या अंशावर थांबते. मला एवढेच येते. विस्कॉन्सिनमधल्या तळ्याकाठच्या विद्यापीठात मला आणले, आणि त्याच हिवाळ्यात तिथे उडुपीचा एक तरुण शास्त्रज्ञ आला. नाव अनंतपद्मनाभ.

प्रयोगशाळेतला जुना माणूस वॉल्टर. त्याने ते नाव दोनदा उच्चारून पाहिले, दोनदा अडखळला आणि हसला.

"आम्ही तुला अँडी म्हटलं तर..."

"चालेल, चालेल!" अनंतपद्मनाभने प्रश्न पुरा होऊच दिला नाही.

तो अँडी झाला. न आवडणारे चीज पावात घालून सर्वांबरोबर खाऊ लागला, बर्फावरचे विनोद शिकला, आणि ते कळले नाहीत तरी वेळेवर हसू लागला. मात्र सकाळी सर्वांच्या आधी येई, माझ्या मुठीला हात लावी आणि तो हात डोळ्यांना लावी. मग कोणी पाहिले तर नाही ना, म्हणून दाराकडे बघे.

ऑक्टोबरात दसऱ्याआधीची नवमी आली. त्याच्या गावी त्या दिवशी आयुधपूजा असते. कोयता, तराजू, सायकल, एसटीसारख्या मोठाल्या बसगाड्या, सगळ्यांना कुंकू लागते, झेंडूची माळ पडते आणि त्यांना कामातून सुट्टी मिळते. माझ्या पोटात जंतू वाढत होते, तेव्हा सुट्टी देणे त्याच्या हातात नव्हते. त्याने खिशातून छोटी डबी काढली, मला भिंतीपासून जरा ओढले आणि माझ्या पाठीवर कुंकवाचे बोट टेकवले.

"पुढे लावता येत नाही गं," तो कुजबुजला. "रागावू नकोस."

मी कशाला रागावते! तोवर त्याच्याखेरीज मला जो हात लागला होता, तो कामापुरताच लागला होता.

दुपारी वॉल्टर विजेची तार बघायला माझ्यामागे वाकला आणि ओरडला, "थांबा! कोणी हात लावू नका!"

त्या दिवसांत आम्ही लाल रंग धरणारे जंतू वाढवत होतो. माझ्या पाठीवरचा लाल ठिपका बघून सर्वांना वाटले की जंतू बाहेर पडले. काम थांबले. माझ्या पोटातल्या सगळ्या बश्या नष्ट करायचे ठरले, त्यात अनंतपद्मनाभचे स्वतःचे कित्येक महिन्यांचे कामही होते. एक वाक्य बोलला असता तर सारे वाचले असते.

"अँडी, तुझा हात स्थिर आहे," वॉल्टर म्हणाला. "स्पिरिटनं पुसून काढ."

आणि मित्रांनो, पूजेच्या दिवशी त्याने आपल्याच हाताने ते कुंकू पुसले. पत्र्याच्या रंगात मुरलेला थोडा डाग मात्र राहिलाच.

पुढे माझ्याहून चांगली यंत्रे आली. मला व्हरांड्यात ठेवले, ज्याला हवी त्याने न्यावी म्हणून. त्याने मला घरी नेले.

त्याची बायको वारिजा मला बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अहो, हिच्यात रोगाचे जंतू होते ना? आणि हिच्यात माझं इडलीचं पीठ?"

"दोन दिवस धुतोय मी हिला."

"तिसऱ्या दिवशीही धुवा."

त्या थंडीत पीठ फुगतच नसे. वारिजा रोज टोमणे मारी, "तुमच्या जंतूंना गादी-पांघरूण, आणि माझ्या पिठानं कुडकुडायचं." अखेर पीठ माझ्या पोटात आले. सवयीने त्याने बटण सदतीसवर ठेवले, माणसाच्या आतड्यातल्या जंतूंना लागते तेवढे. सकाळी पीठ पातेल्यातून उतू जाऊन काचेवरून ओघळत होते आणि आंबट वास घरभर होता.

"हे उडुपीचं पीठ आहे," वारिजा हसत हसत म्हणाली, "त्याला ताप कशाला आणलात?"

मग तीस अंश ठरले. ते माझे सुखाचे दिवस. शनिवारी गावातली आपली माणसे पातेली घेऊन येत. बंगाली लाहिरीबाबू मातीच्या भांड्यात गोड दही लावायला आणत आणि दर वेळी वारिजाला वहिनी मानून म्हणत, "बौदी, तुमच्या पिठाच्या शेजारी ठेवू नका हो, माझं दही कानडी बोलायला लागेल."

दर नवमीला अनंतपद्मनाभ मला कुंकू लावी. घरातसुद्धा पाठीवरच. एका वर्षी त्यांची लहानगी मेदिनी बघत होती.

"अप्पा, मागे का लावता? देव मागे राहतो?"

"सवय झाली गं."

"पूजेच्या दिवशी कुंकू पुसलं होतं त्यांनी, तेही आपल्या हातानं," वारिजा आतून म्हणाली आणि तिने मुलीला सगळे सांगितले. तो मान खाली घालून ऐकत राहिला.

मेदिनी मोठी झाली, शिकायला दूर गेली. तयार पीठ दुकानात मिळू लागले. लाहिरीबाबू मुलाकडे राहायला गेले. मी तळघरात गेले, नाताळच्या झाडाच्या खोक्याखाली. तक्रार नाही. फक्त नवमीला जिन्यावर त्याची पावले वाजत, एक बोट माझ्या पाठीला लागे, एवढ्यावर वर्ष निघे.

गेल्या शरदात मेदिनीला त्याच विद्यापीठात स्वतःची प्रयोगशाळा मिळाली. ती मातीतले जंतू अभ्यासते. नवमीच्या आदल्या दिवशी ती तळघरात आली.

"अप्पा, हिला घेऊन चला. आणि कुंकवाची डबी."

"तिथं? लोक काय म्हणतील? तुझी नोकरी नवी आहे."

"मी इथलीच आहे अप्पा. मला कोण काय म्हणणार?"

"तुझं तसं आहे," तो हळूच म्हणाला. "माझं तसं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी तिने मला नेले आणि नव्या यंत्रांच्या रांगेत ठेवले. तिचे विद्यार्थी भोवती उभे होते. तिने काठी टेकत आलेल्या वॉल्टरलाही बोलावले होते. अनंतपद्मनाभने डबी उघडली आणि सवयीने माझ्यामागे जाऊन वाकला. वॉल्टरही कुतूहलाने वाकला. त्याला जुना डाग दिसला.

"अँडी... हे त्या दिवशीचं?"

अनंतपद्मनाभच्या हातात डबी तशीच उघडी होती.

"कुंकू होतं ते," अनंतपद्मनाभ म्हणाला. "मी लावलं होतं. आणि माझं नाव अनंतपद्मनाभ आहे."

"गाढवा, मला सांगायचं होतंस! मी फक्त विचारलं असतं, हे काय आहे म्हणून."

"विचारलं असतंस?"

"कोण जाणे," वॉल्टर म्हणाला. "आज विचारतो."

तेव्हा खरेच काय झाले असते, मला सांगता येत नाही. मी यंत्र आहे, आणि ठरल्या अंशापलीकडचे मला कळत नाही. पण अनंतपद्मनाभ उठला, गुडघा चोळत पुढे आला आणि वॉल्टरला सांगता सांगता त्याने माझ्या काचेच्या दारावर, अगदी मधोमध, कुंकवाचे बोट टेकवले. थोडे कुंकू सांडले. ते कोणी पुसले नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादे जुने यंत्र कोपऱ्यात पडले असेल. ते भंगारात द्यायचे ठरले, तर द्या. पण त्याआधी त्याला भिंतीपासून जरा पुढे ओढा आणि एकदा त्याची पाठ बघा.