किल्ली कोण फिरवतं?

मी टाळूची प्लेट बोलतेय. जेवायची नव्हे, दातांची. जबडा अरुंद असला की तो हळूहळू रुंद व्हावा आणि पुढच्या दातांना नीट उभं राहायला जागा मिळावी, म्हणून मुलांच्या तोंडात बसवतात ना, ती. आयुष्यातले कामाचे दिवस मी एका नऊ वर्षांच्या मुलीच्या तोंडात काढले, पण तिथे बसूनही माझं कुणी ऐकलं नाही. तिचंही ऐकलं नाही, म्हणून तर हे सगळं सांगायची वेळ आली.

माझा जन्म दातांच्या एका लॅबमध्ये झाला. डॉक्टरबाईंनी मुलीच्या तोंडात चिकट लगदा दाबून माप घेतलं, त्यात प्लास्टर ओतून तिच्या दातांचा साचा केला आणि तो लॅबमधल्या कारागिराकडे पाठवला. कारागीर अबोल होता. पक्कडीने तार वाकवायची, साच्यावर लावून बघायची, नाक मुरडायचं आणि परत वाकवायची, असं त्याचं दुपारभर चाललं होतं. मग माझ्या दोन भागांच्या मधोमध त्याने चिमुकला स्क्रू बसवला. त्यात बारीक किल्ली घालून पाव फेरा दिला की मी केसभर रुंद होते. माझा रंग हिरवा, वर चमकी. तो मुलीने स्वतः निवडला होता. तोंडात गेल्यावर चमकी कुणाला दिसणार नव्हती, तरी तिला ती हवीच होती. मला ती मुलगी तेव्हाच आवडली.

घरी तिला खारू म्हणत. पुढचे दोन दात खारीसारखे पुढे आलेले, म्हणून आजोबांनी ठेवलेलं लाडाचं नाव. नाव ठेवलं तेव्हा सगळे पोट धरून हसले. पुढे ती हसताना तोंडावर हात धरायला लागली, तेव्हा मात्र सगळ्यांना फार आश्चर्य वाटलं.

मला घालायच्या दिवशी आई, बाबा आणि आजोबा असे तिघंही दवाखान्यात हजर होते.

"ब्रश दोनदा करते ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"हो तर! सकाळ-संध्याकाळ," आई म्हणाली.

"आमच्याकडे सगळेच दोनदा करतात," बाबांनी भर घातली. डॉक्टरबाईंनी आधी खारूच्या दाढा बघितल्या, मग बोलणाऱ्या बाबांचे दात बघितले आणि विषय बदलला.

"जेवताना काढायची, बाकी सगळा वेळ तोंडात. आठवड्यातून एकदा घरातल्या कुणीतरी किल्लीने पाव फेरा द्यायचा. एकदाच हं. घाई केली तर हिरड्या दुखावतात."

'घरातल्या कुणीतरी'! एरवी हा कुणीतरी कुठल्याच घरात सापडत नाही. गिझर बंद करायला नसतो, दाराची बेल वाजली तर उठायला नसतो. या घरात मात्र तो तिघांच्या अंगात एकदमच संचारला.

आईने या कामासाठी रविवार धरला. खारू नाश्त्याला बसली की आई मला डबीतून उचलायची, पाव फेरा द्यायची आणि फ्रिजवरच्या तक्त्यात बरोबरची खूण करायची. बाबांची पक्की समजूत अशी, की आईला कामाच्या गडबडीत हे कुठून लक्षात राहणार? तेव्हा त्यांनी बुधवार धरला आणि फोनमध्ये गजर लावला. फ्रिजवरचा तक्ता त्यांनी कधी वाचला नाही. तो फ्रिजवर होता, एवढंच कारण पुरेसं होतं. आजोबांचा तर दोघांवरही भरवसा नव्हता. "या दोघांकडून साधं झाडाला पाणी घालून होत नाही," असं पुटपुटत ते शुक्रवारी चष्मा लावून मला फिरवायचे आणि डायरीत तारीख लिहायचे. सांगायचं तर तिघांच्याही नोंदी अगदी चोख होत्या. तिघंही मनापासून, प्रेमाने, काळजीने मला फिरवत होते. त्या काळजीनेच माझ्या खारूचा जीव काढला.

"आई, दुखतंय," खारू पहिल्या आठवड्यात म्हणाली.

"नवीन आहे ना, दुखणारच. जरा सोसायला शिक."

"बाबा, रविवारी आईने फिरवलीय हो."

"पळवाटा नकोत. रविवारी आई दिवसभर बाहेर होती."

"आजोबा, बुधवारी बाबांनी फिरवली ना!"

"तुझा बाप? त्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत."

आता खारूचीही एक बाजू सांगायला हवी, मी तिची असले म्हणून काय झालं. ब्रशच्या बाबतीत ती लबाड होती. नळाखाली ब्रश ओला करायची, जिभेवर चिमूटभर पेस्ट फिरवायची आणि "झालं!" म्हणून बाहेर यायची. दोनदा पकडली गेली होती. तेव्हापासून दातांविषयी ती काही बोलली की घरात ते खोटंच धरलं जायचं. ब्रशबद्दल डॉक्टरबाईंसमोर आई आणि बाबाही खोटं बोलले होते, पण मोठ्यांचं खोटं म्हणजे घराची अब्रू राखणं.

माझी डबी न्हाणीघरातल्या फळीवर असायची. शेजारी वाटीत आजोबांची कवळी. मोठी अनुभवी बाई. एकदा मी तिच्यापाशी रडगाणं गायले, तर ती म्हणाली, "बाळे, मी या घरात का आले ठाऊक आहे? यांनी वर्षानुवर्षं दात दुखतोय हे कुणाला सांगितलंच नाही. सोसत बसले आणि एकेक करत सगळे गमावले. निदान तुझी पोर सांगते तरी."

"पण सांगून उपयोग काय?" मी म्हटलं.

चौथ्या आठवड्यात मी इतकी रुंद झाले की तिच्या तोंडात धड बसेना. मला जोर लावून दाबलं की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि हिरडीतून रक्त. मी कारागिराने दिलेल्या तारांनी तिचे दात धरले होते, आणि धरले होते म्हणूनच दुखवत होते. मला माझीच लाज वाटायची. शेवटी तिने स्वतःच उपाय काढला. शाळेत गेली की मला काढून कंपासपेटीत ठेवायची आणि घरी यायच्या आधी, जिन्यात उभी राहून, डोळे मिटून परत बसवायची.

एके दिवशी जिन्यात ती मला बसवायलाच विसरली; आजोबांनी पेन्सिल शोधायला तिची कंपासपेटी उघडली आणि त्यांना मी सापडले. झालं! बैठकीच्या खोलीत कोर्ट भरलं.

"आम्ही तिघं तुझ्यासाठी मरमर मरतो आणि तू हे करतेस?" आई म्हणाली.

"तुम्ही तिघं फिरवता म्हणून तर दुखतं!" खारू ओरडली.

"चोराच्या उलट्या बोंबा!" बाबा कडाडले. "उद्या डॉक्टरांकडेच नेतो. त्याच दरडावतील."

दुसऱ्या दिवशी वरात दवाखान्यात पोचली. आईने सगळी हकिगत सांगितली आणि म्हणाली, "तुम्हीच जरा ओरडा हिला, डॉक्टर. आमचं ऐकत नाही."

डॉक्टरबाईंनी मला हातात घेतलं. खारूच्या तोंडात बसवून पाहिलं, मी बसेना. तिची हिरडी पाहिली. मग मला दिव्याखाली धरून माझ्या मधली फट बघितली, बराच वेळ बघितली.

"किल्ली कोण फिरवतं?"

"मी," तिघं एकदम म्हणाले.

आईने हळूच पर्समधून तक्त्याचा कागद काढला, बाबांनी फोन, आजोबांनी डायरी. तीनही नोंदी टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलायचं तरी कुणाला?

डॉक्टरबाई खारूकडे वळल्या. "तू सांगितलं नाहीस घरी?"

"सांगितलं. तिघांनाही."

"पण हिचं खरं कसं मानायचं, डॉक्टर?" बाबा चाचरत म्हणाले. "ही ब्रशच्या बाबतीत..."

"ब्रशचं मी खोटं बोलते," खारू म्हणाली. "दुखण्याचं नाही."

आजोबांनी मान खाली घातली. आईने खारूचा हात धरला, पण खारूने तो सोडवून घेतला आणि खुर्चीच्या दांडीवर ठेवला. तो क्षण मला फार लागला, आणि खरं सांगते, बराही वाटला.

नुकसान भरून येणारं होतं. हिरड्यांना दोन महिने विश्रांती आणि मग नवी प्लेट. मी मात्र कामातून गेले. डॉक्टरबाईंनी मला साफ करून काचेच्या कपाटात ठेवलं. आता नव्या पालकांना त्या मला दाखवतात आणि माझी गोष्ट सांगतात. पालक खो खो हसतात. "काय एकेक लोक असतात!" म्हणतात. आणि बाहेर पडता पडता दारातच एकमेकांना म्हणतात, "तू लक्ष ठेव हं, मीही ठेवतोच."

मी काचेच्या आडून कितीही ओरडले तरी त्यांना ऐकू जात नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मुलांच्या दातांवर जरूर लक्ष ठेवा. ब्रश कोरडा आहे का तेही बघा. पण ते पोर "दुखतंय" म्हणालं, तर त्याच्या जुन्या गुन्ह्यांची यादी काढत बसू नका. आधी तोंड उघडायला सांगा आणि आत बघा.

खारू दर आठवड्याला येते. नवी प्लेट निळी आहे आणि किल्ली तीच फिरवते, डॉक्टरबाईंसमोर. तिघं मागे हात बांधून उभे असतात, इतके गप्प की ओळखू येत नाहीत. परवा तिने पाव फेरा दिला, प्लेट तोंडात बसवली आणि चेहरा जरासा वाकडा केला. तिघंही एकदम पुढे आले आणि एकदमच म्हणाले, "थांब, थांब! दुखतंय का?"

"नाही," खारू म्हणाली.

आणि तिघांनी ते खरं मानलं.