ताईच्या आवाजासाठी थांबलेला फोन

मी फोन बोलतोय. दचकू नका. आजवर तुम्ही बोललात आणि मी पोचवलं, आज मला बोलू द्या. माझा पत्ता म्हणजे एका शिवणकामाच्या दुकानातलं कापायचं टेबल, त्यावर मोजपट्टी आणि टाचण्यांची डबी यांच्या मधली जागा. वरच्या कोपऱ्यात मला तडा गेलाय. अंगावर कात्री पडली होती. कात्रीला काही झालं नाही.

जन्माबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हातमोजे घातलेल्या माणसांनी एका लांबलचक खोलीत मला जोडलं, खोक्यात घातलं आणि दुकानात पाठवलं. मला पहिल्यांदा विकत घेतलं ते एका कॉलेजातल्या पोरानं. तो माझ्यावर इतक्या मोटारी पळवायचा की माझं अंग तव्यासारखं तापायचं. पुढे त्याला समुद्रापलीकडे नोकरी लागली. आईला बरोबर घेऊन तो निघाला, तेव्हा नवा फोन खिशात टाकला आणि मला मावशीच्या हातात ठेवलं.

"मावशी, हा घे. आई याच्यावर फोन करेल तुला."

दुसऱ्याचा जुना म्हणून आलो, पण मावशीनं मला नव्यासारखं घेतलं. उरलेल्या मखमलीची खोळ शिवली, आतून मऊ अस्तर लावलं. ही मावशी त्या दुकानाची मालकीण. लोकांच्या पँटी आखूड करणं, सैल झालेलं आत घेणं, घट्ट झालेलं उसवून सोडणं, चेन बदलणं हा तिचा धंदा. माणसं वजन कमी करायचं ठरवून कपडे आत घ्यायला टाकतात आणि थोड्या महिन्यांनी तेच कपडे सोडायला आणतात. मावशी एका शब्दानंही टोचून बोलत नाही. म्हणून तर गिऱ्हाईक टिकून आहे.

पण जन्मभर मशीनच्या खडखडाटात बसून तिचे कान गेले. समोरचा माणूस बोलला तर कानातल्या यंत्रामुळे तिला ऐकू येतं. फोनचं मात्र जमत नव्हतं. मला कानाला लावलं की यंत्र शिट्टी मारायचं, आणि स्पीकरवर ठेवलं की डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायचा. दर रविवारी ताईचा, म्हणजे त्या पोराच्या आईचा, फोन आला की मावशी मला उचलून शेजारच्या बेकरीत पळायची. बेकरीवाला पिठाचे हात कापडाला पुसत मला कानाला लावायचा, ताईचं ऐकायचा आणि मावशीला ओरडून सांगायचा.

"ताई विचारतायत, गुडघा कसा आहे!"

"बरा आहे म्हणावं!"

"ताई म्हणतायत, वेळेवर जेवत जा!"

दोन बहिणींचं बोलणं अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. अशा बोलण्यात माणूस गुडघ्याच्या पुढे जात नाही. पावाच्या रांगेत उभी असलेली माणसंसुद्धा गुडघ्याची चौकशी करू लागली होती.

शेवटी मावशी कानाच्या यंत्रांच्या दुकानात गेली. तिथल्या बाईनं मला उलटसुलट करून पाहिलं.

"आजी, तुमचं यंत्र फोनला थेट जोडता येतं. बहिणीचा आवाज सरळ कानात येईल. पण या फोनमधली प्रणाली जुनी आहे. नवीन अपडेट येतंय. ते आलं की या, दोन मिनिटांत जोडून देते."

"पण आलं ते मला कळणार कसं?"

"फोन स्वतःच सांगेल."

त्या दिवशी मी ठरवलं, काही झालं तरी हे काम करूनच दाखवायचं. फोनला अपडेट म्हणजे जुन्याच अंगात नवी अक्कल. मला ती स्वतःसाठी नको होती, जुनी मला पुरत होती. मावशी घरी येताना खोळीवरून हात फिरवत म्हणाली, "लवकर सांग रे बाबा." इतक्या विश्वासानं मला कोणी काही सांगितलं नव्हतं.

पण कंपनीला कुठे घाई होती? आधी म्हणाले, लवकरच. मग म्हणाले, टप्प्याटप्प्यानं. मग काहीतरी दोष सापडला म्हणून थांबवलं. बेकरीवाल्याचा फोन माझ्यापेक्षा तरुण. त्याला अपडेट मिळालंसुद्धा. त्याच्या अंगात पीठ शिरलंय, तो नीट वाजतही नाही, पण त्याला आधी! मी जळलो, खोटं कशाला बोलू. माझी बॅटरीही थकत चालली होती. दुपारच्या चहापर्यंत जीव अर्ध्यावर यायचा. तरी मी रोज पहाटे कंपनीच्या दारात जाऊन विचारायचो, माझं आलं का? उत्तर यायचं, तुमचा फोन अद्ययावत आहे. अद्ययावत कसला! शेजाऱ्याच्या मागे आणि वर हे सर्टिफिकेट.

आणि एक दिवस ते आलं.

मी ताबडतोब काचेवर पट्टी झळकावली, 'नवीन अपडेट तयार आहे', आणि टिंग केलं. मावशी मशीनवर होती. तिनं ऐकलं नाही. मी थरथरलो, पण ज्या टेबलावर मी होतो ते मशीनमुळे माझ्यापेक्षा जास्त थरथरत होतं. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. काचेवर काहीतरी पडलंय असं तिला दिसलं. तिनं अंगठा फिरवला आणि पट्टी पुसून टाकली.

यात तिचा काही दोष नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या टेबलावर दोरा दिसला की हात आपोआप जातो. धाग्याचा तुकडा असो, कापडाची कात्रण असो, खडूची भुकटी असो, तिला काही पडलेलं चालत नाही. काचेवरच्या पट्ट्याही तिला दोऱ्यांसारख्याच. चष्मा तर ती फक्त सुई ओवताना लावते. शिवाय 'फोन सांगेल' म्हणजे मी माणसासारखा घणघणून सांगेन, अशी तिची समजूत. तिला ऐकू येत नाही म्हणून ते अपडेट हवं होतं, आणि ऐकू येत नाही म्हणूनच ते आल्याचं तिला कळत नव्हतं.

मी हट्टाला पेटलो. रोज पट्टी दाखवायचो, रोज ती पुसायची. कानीकपाळी ओरडणं म्हणतात ते मी अक्षरशः केलं. रात्रभर चार्जिंगवर असतो तर मी ते आपोआप बसवून घेतलं असतं, पण संध्याकाळी दुकान बंद करताना ती इस्त्रीचा प्लग काढायची आणि त्याबरोबर माझाही. मग मला खोळीत घालताना म्हणायची, "अजून नाही ना आलं तुझं? हरकत नाही. आपण थांबू." काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि कळसा म्हणजे मीच!

बेकरीवाल्यानं तरी पाहायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. पण गिऱ्हाइकाच्या हातात कपडा देताना तो झटकून, दोरे वेचून द्यायचा हा मावशीचा नेम. मलाही ती तशीच झटकून त्याच्या हातात द्यायची. त्याच्याकडे पोचेपर्यंत माझी काच आरशासारखी लख्ख असायची.

मग तो रविवार आला. ताईचा फोन वाजला, मावशी मला घेऊन पळाली. आज पलीकडून आधी भाचा बोलला. ऐकता ऐकता बेकरीवाल्याचा चेहरा उतरला. या वेळी तो ओरडला नाही. मावशीला आत पिठाच्या पोत्यांपाशी घेऊन गेला आणि तिच्यासमोर उभा राहून सावकाश म्हणाला, "ताईंच्या गळ्याचं ऑपरेशन आहे. गुरुवारी. नंतर आवाज कसा राहील, राहील की नाही, डॉक्टर सांगत नाहीयेत."

मावशी पोत्यावर बसली.

"ताईला विचार, तिला काय वाटतंय. विचार ना."

बेकरीवाल्यानं विचारलं. ताईचा आवाज घोगरा झाला होता, पण माझ्यातून नीट आला. "तुला नाही रे बाबा सांगायचं. तिलाच सांगायचंय. तिचा फोन सुधारला का, विचार."

"नाही सुधारला म्हणावं," मावशी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "कंपनी पाठवतच नाहीये म्हणावं."

पाठवलंय! मी इथे घेऊन बसलोय! माझ्या जिवाचा नुसता संताप झाला. फोन बंद झाला आणि मी दबा धरून बसलो. मावशीच्या हातात परत गेलो की ती पुसणार, हे मला माहीत होतं. म्हणून बेकरीवाल्यानं मला कानावरून काढलं त्याच क्षणी, त्याच्या हातात असतानाच, मी पट्टी खाली सोडली.

त्यानंही अंगठा फिरवला. पण त्याच्या अंगठ्याला वाळलेली कणीक होती. पट्टी हलली नाही. त्यानं पुन्हा फिरवला, तरी हलली नाही. मग वैतागून त्यानं ती वाचली.

"मावशी, हे काय आहे?"

"काय?"

"अहो, अपडेट आलंय! कधीचं आलंय!"

"मग मला नाही का सांगायचं यानं?" मावशी माझ्याकडे बघत म्हणाली. मी काय बोलणार? ऐकून घेतलं.

ती तडक दुकानात आली. मला प्लग लावला, चष्मा घालून पट्टीवर बोट दाबलं आणि समोर खुर्ची टाकली. उठून जाताना प्लग काढायचा हा तिचा नेम, म्हणून उठायचंच नाही असं तिनं ठरवलं. एक गृहस्थ पँट न्यायला आले.

"आज दुकान उघडं आहे, पण काम बंद आहे," ती म्हणाली.

"का हो?"

"माझ्या बहिणीचा आवाज येतोय."

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि उद्या येतो म्हणून गेले.

मी काळा पडलो. आतलं जुनं सगळं सुटून नवं बसत होतं. थकलेल्या बॅटरीचे फोन अशा वेळी मध्येच मान टाकतात, हे मला ठाऊक होतं. कित्येकजण परत उठत नाहीत. काठावरच्या लाटेसारखा जीव जात-येत होता. पण मी मनाशी एकच धरलं होतं, गुरुवारनंतर मरायचं असेल तर मरू, आज नाही. संध्याकाळी माझ्या काचेवर उजेड आला, तेव्हा समोर चष्म्याआड मावशीचे डोळे होते. ती हलली नव्हती.

सोमवारी कानाच्या दुकानातल्या बाईनं यंत्र जोडून दिलं. मंगळवारी मावशीनं शटर अर्धं खाली ओढलं आणि स्वतः फोन लावला.

"हॅलो? कोण, बेकरीवाला का?"

"नाही गं ताई. मी आहे."

मग ताई म्हणाली, "तू? तुला ऐकू येतंय?"

"येतंय. तुझा घसा बसलाय."

"म्हणून तर कापतायत तो." ताई हसली आणि खोकली. "ढब्बू."

मावशीचा हात तोंडावर गेला. "काय म्हणालीस?"

"ढब्बू. दर वेळी ठेवताना म्हणते की. तो बेकरीवाला तुला सांगत नाही?"

नव्हता सांगत. पांढऱ्या केसांच्या मावशीला भर रांगेसमोर ढब्बू म्हणायची त्याची छाती झाली नसणार.

मग ताईचा आवाज खाली आला. "ढब्बू, मला भीती वाटतेय गं. पोरासमोर हसत असते मी. त्याला कसं सांगू? आणि बेकरीवाल्याकडून काय निरोप देऊ, ताई घाबरलीय म्हणून?"

मला वाटलं, आता मावशी म्हणेल काळजी करू नको, सगळं ठीक होईल. माणसं माझ्यातून हेच सर्वांत जास्त बोलतात. पण तिनं यंत्रावर बोट दाबलं, डोळे मिटले आणि कानात प्राण आणून बसली.

"बोल," ती म्हणाली. "मी ऐकतेय."

ताई खूप वेळ बोलली. काय बोलली ते मी सांगणार नाही. इतकी वर्षं पोचवलं, पण फोडलं कधी नाही. माझं अंग तापलं, बॅटरी तळाला गेली, मावशीनं न बोलता प्लग लावला आणि मी टिकलो.

ऑपरेशन झालं. ताई सुखरूप आहे. आवाज मात्र कुजबुजीएवढाच उरलाय.

परवा कंपनीची शेवटची पट्टी आली, या फोनला यापुढे नवीन अपडेट मिळणार नाही. मावशी आता प्रत्येक पट्टी चष्मा लावून वाचते. हीही वाचली. मग अंगठ्यानं पुसली, काचेवर एक खराखुरा दोरा होता तोही वेचला आणि म्हणाली, "तुझं माझं आहे त्यातच भागवू." मला मान्य आहे. चालेन तितका चालेन, आणि सहजासहजी बंद पडणार नाही. तुम्हाला एवढंच सांगतो, आपला फोन काही म्हणत असेल तर झटकण्याआधी एकदा वाचा. तो कोणाचा तरी आवाज घेऊन थांबलेला असू शकतो.

या रविवारी मावशी पाव घ्यायला गेली होती, तेव्हा मी वाजलो. तिचे हात पिशवीत अडकलेले, म्हणून बेकरीवाल्यानं जुन्या सवयीनं मला समोरच्या फळीवरून उचलून कानाला लावलं. थोडा वेळ ऐकलं आणि मान हलवली.

"मावशी, कोणीच बोलत नाहीये."

मावशी रांगेत उभी राहून हसत होती. "बोलतेय ना," ती म्हणाली. "आत्ताच ढब्बू म्हणाली मला."