निरपराधावर न चालणारी बंदूक

काळेवाडीतल्या त्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. कामगार शिफ्ट बुडवून आले होते, बायका तापाने फणफणलेली पोरं कडेवर घेऊन उभ्या होत्या. स्टेजवर खड्गनाथ महाराज. त्यांच्या हातात एक आखूड, काळी बंदूक. तिला हार घातलेला, नळीवर हळदी-कुंकू.

"गोऱ्या सायबाच्या लढाईतली बंदूक हाय ही!" महाराज माइकवर गरजले. "माझ्या आज्याच्या छातीवर कप्तानानं रोखली. चाप वढला, पर उडाली न्हाई! तवापास्नं ही निरपराधाला मारत न्हाई. मारती फकस्त त्याच्यातल्या रोगाला!"

वाळूच्या पोत्यांपुढे नारळ ठेवला होता. धाड! नारळाच्या ठिकऱ्या उडाल्या. मग तीच नळी एका दमेकऱ्याच्या छातीला लावून महाराजांनी चाप ओढला. बंदूक गप्प.

"रोग मेला! आता औषध घेशील, तर देवावर संशय घेशील!"

जयजयकार झाला आणि माझं डोकं तडकलं. मी याच भागात दवाखाना चालवतो. चाकणच्या एका कंपनीत काम करणाऱ्या सुजितची बायको, योगिनी, माझी पेशंट होती. तिला फिट्स यायच्या. औषधाने त्या थांबल्या होत्या, तिने शिवणकामही पुन्हा सुरू केलं होतं. सुजितने तिला या महाराजांकडे आणलं, छातीवर बंदूक रोखली गेली आणि औषध बंद झालं. एका दुपारी कपडे धुताना फिट आली. भरलेल्या टबात ती तोंडावर पडली. घरात कोणी नव्हतं.

"तिची श्रद्धाच कमी पडली, डॉक्टर," सुजित मला म्हणाला. महाराजांनीच त्याला तसं पढवलं होतं. बाई जिवानिशी गेली, वर आळही तिच्यावरच!

त्या दिवशी सभेत मी मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि तेजस्विनीताईंना पाठवला. त्या आकुर्डीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतात. महायुद्धातली शस्त्रं हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्यांचा लगेच फोन आला.

"डॉक्टर, ही नमुन्याची बंदूक आहे. युद्धाच्या घाईत अशा मोजक्याच बनवल्या, त्या चाचणीत नापास झाल्या. मुठीच्या मागे एक पट्टी आहे बघा. ती तळहाताने दाबली तरच गोळी सुटते. घाबरलेल्या सैनिकाची पकड सैल पडायची आणि ऐन वेळी बंदूक मुकी व्हायची."

"म्हणजे माणसावर रोखताना हा पकड सैल करतो?"

"तेवढंच. पण पट्टीत मळ साचला की ती दाबलेलीच राहायची आणि सैल मुठीतही गोळी सुटायची. चाचणीत एक शिपाई त्यामुळेच मेला. पोलिसांना आत्ता फोन करा."

पुढच्या सभेत साध्या वेशातले पोलीस गर्दीत बसले होते. नारळ फुटला आणि तेजस्विनीताई उठल्या.

"महाराज, माणसावर रोखताना मूठ सैल सोडता, तशीच सोडून नारळ फोडा की!"

"देवाची परीक्षा घेतीस व्हय?"

"देवाची नाही, तुमच्या पंजाची."

"खाली बसा!" लोक ओरडले. तोवर इन्स्पेक्टर स्टेजवर चढले होते. त्यांनी बंदूक काढून घेतली, काडतुसं बाहेर काढली आणि रिकामी बंदूक माइकजवळ धरली. सैल मुठीने चाप ओढला. काही नाही. मूठ आवळून ओढला. खट्! पुन्हा सैल, पुन्हा घट्ट. खट्!

मागे उभा असलेला सुजित गर्दीतून वाट काढत पुढे आला.

"साहेब, तिच्या छातीवर धरली होती तेव्हा... नुसती मूठ सैल होती?"

इन्स्पेक्टरांनी होकारार्थी मान हलवली. सुजित महाराजांच्या अंगावर धावला नाही. स्टेजच्या पायरीवर बसून तो कपाळ बडवू लागला. "गोळ्या मीच फेकल्या हो डॉक्टर, मीच! ती नको म्हणत होती."

पोलिसांनी महाराजांना गाडीत घातलं. दारात एक सुशिक्षित गृहस्थ मला म्हणाले, "बंदूक खोटी असेल हो, पण आमच्या आईला गुण आला होता."

ज्या दोषापायी लष्कराने ती बंदूक टाकून दिली, त्याच दोषाला आपण हार घातले. लष्कराने निदान चाचणी तरी घेतली होती. आपण हात जोडले. उद्या दुसरा कोणी दुसरं काही घेऊन येईल. त्याला विचारा, हे होतं कसं? विचारल्याने देव रागावत नाही, रागावतो तो फसवणारा. आणि काहीही झालं, तरी घरातल्या आजारी माणसाचं औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका.