दोन नावांची पाटी

मी एक लाकडी पाटी बोलतेय. हातभर लांब, वीतभर रुंद. ऑरिन स्टेनमार्क यांच्या घरगाडीसमोर लोखंडी आकड्याला टांगलेली. माझ्या अंगावर 'वेल्डा आणि ऑरिन स्टेनमार्क, नेब्रास्का' एवढंच लिहिलेलं आहे. त्या दोघांपैकी आता एकच जण गाडीत राहतो, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. पण मला बोलायला तोंड नाही, नुसती अक्षरं आहेत. आणि अक्षरांचं एक वाईट असतं, एकदा लिहिली की ती तेच ते सांगत राहतात.

मी मूळची स्टेनमार्कांच्या शेताच्या बांधावरची. वारा अडवायला तिथे देवदारांची रांग लावली होती, त्यातलं मी एक झाड. एका हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्याने मी मोडले. ऑरिनने माझे कुंपणाचे खांब केले, एक फळी मात्र वेल्डाने मागून घेतली. माझा तांबूस रंग तिच्या मनात भरला होता.

तेव्हा दोघांनी शेती पुतण्याच्या हवाली करून घरगाडी घेतली होती. चाकांवरचं घर, आत पलंग, चूल, मोरी, सगळं काही. हिवाळा आला की गाडी काढायची आणि दक्षिणेला ॲरिझोनाच्या वाळवंटात जाऊन राहायचं. तिथे घरगाड्यांचे मोठमोठे तळ असतात. त्या तळांवर गाडीपुढे नावाची पाटी लावायची रीत आहे. आज आलेला शेजारी दोन महिन्यांनी निघून जाणार, मग ओळख व्हायला उशीर कशाला, असा त्यामागचा हिशेब.

वेल्डाने तापलेल्या टोकाच्या लेखणीने माझ्यावर अक्षरं जाळली. तिने आधी स्वतःचं नाव ऐसपैस काढलं. ऑरिनचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा जागाच उरेना, म्हणून ते दाटीवाटीने बसवलं. ऑरिन म्हणाला, "लग्नातही माझं असंच झालं." ती खो खो हसली आणि माझ्यावर रोगण लावायला बसली.

नऊ हिवाळे मी त्यांच्याबरोबर फिरले. तळावर पोचलं की वेल्डाचा नियम ठरलेला होता. आधी पाटी, मग पाण्याची नळी, मग विजेची तार. ऑरिन तहानेने कासावीस झालेला असला तरी आधी मला टांगावं लागे.

मग एका मार्चमध्ये, गावच्या घरात, वेल्डाचं हृदय बंद पडलं. भांडी घासता घासता ती गेली.

त्या हिवाळ्यात गाडी हललीच नाही. मी गाडीच्या पोटातल्या कप्प्यात नळ्यांबरोबर पडून होते. अंगणात लोक यायचे, ऑरिनशी बोलायचे. पाऊस, मका, ट्रॅक्टर, सगळे विषय निघायचे. वेल्डाचं नाव मात्र कुणी घेत नसे. चुकून तोंडात आलंच तर आवंढा गिळायचे. माणसं चांगली होती, त्याला वाईट वाटू नये म्हणून जपत होती. पण जपता जपता त्यांनी तिला गावातून पुसूनच टाकलं. कधी कधी ऑरिन येऊन कप्पा उघडायचा, माझ्यावरून हात फिरवायचा आणि परत झाकण लावायचा.

पुढच्या नोव्हेंबरात तो एकटाच निघाला. ओळखीच्या तळावर गेला असता तर सगळी माणसं गळ्यात पडून रडली असती, म्हणून त्याने मुद्दाम नवा तळ धरला.

घरगाडी उलटी घालून जागेवर लावणं हे एकट्याचं काम नाही. मागे कुणीतरी उभं राहून हातवारे करावे लागतात, आणि नऊही हिवाळे ते काम वेल्डाचं होतं. ऑरिन पाचदा खाली उतरला, मागे जाऊन पाहिलं, पाचदा वर चढला. सहाव्यांदा समोरच्या गाडीतून एक उंच म्हातारा बाहेर आला. हा मर्व्ह, कॅनडातल्या मॅनिटोबाचा, रेल्वेतून निवृत्त झालेला, वय ऐंशी. तो मागे उभा राहिला आणि दोन मिनिटांत गाडी जागेवर बसली.

ऑरिनने आभार मानले आणि सवयीने आधी मला टांगलं. मर्व्हने मला मोठ्याने वाचलं.

"वेल्डा. मग ती कुठंय? बायकोने मागे उभं राहून ओरडायचं, नवऱ्याने उलटच वळवायचं, निम्मे घटस्फोट इथेच होतात, बाबा. तिला या कामातून कसं काय सोडलंस?"

ऑरिनने मला उगाच आकड्यावर सरळ केलं. तो म्हणाला, "ती आत पडलीय. तिला बरं नाही."

एवढंच. खोटं बोलायचा त्याचा बेत नव्हता. 'ती गेली' हे शब्द अनोळखी माणसापुढे तोंडातून निघेनात, म्हणून जवळ होते ते शब्द त्याने वापरले.

संध्याकाळी शेजारच्या गाडीतली ओफेलिया आली. ती कोलोराडोतल्या प्वेब्लोची, एकतीस वर्षं परिचारिका होती, आणि अजूनही चालताना वॉर्डात चालल्यासारखी चालायची. वेल्डाला काय होतंय, तिने विचारलं. ऑरिन म्हणाला, "हृदय." हे तर खरंच होतं. दुसऱ्या दिवशी पायरीवर सुपाचं भांडं आलं. कोंबडीचं, तांदूळ घातलेलं. मग कुणी फुलंही ठेवून गेलं.

या तळावर रोज चार वाजता बैठक बसते. कुणाच्या तरी छताच्या सावलीत ज्याने त्याने आपली खुर्ची आणि आपला पेला घेऊन यायचं. ऑरिन जाऊ लागला. गेल्या गेल्या पहिला प्रश्न यायचा, "वेल्डा कशी आहे आज?" साध्या आवाजात, आवंढा न गिळता. दीडेक वर्षात हे नाव त्याने दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तो म्हणायचा, आज जरा बरी आहे. आज तिने खिडकीतून डोंगर पाहिला. भांडं परत देताना म्हणायचा, वेल्डाने आभार मानलेत.

तो रोज दाढी करू लागला. जेवू लागला. मला बरं वाटायचं आणि तितकीच धास्तीही वाटायची. खोटं आपलं आपण वाढतं, त्याला पाणी घालावं लागत नाही. शिवाय सवयीने तो दोन खुर्च्या बाहेर मांडायचा, आणि वर मी होतेच, दोन्ही नावं घेऊन. त्याच्या खोट्याची मोठी साक्षीदार मीच.

सहा आठवडे ते निभलं, त्याला कारण तळाचा एक अलिखित कायदा. खिडकीचे पडदे खाली असतील तर दार वाजवायचं नाही. पातळ भिंतींच्या गाड्यांत माणसाला तेवढाच काय तो आडोसा. ऑरिनचे पडदे कायम खाली.

पण ओफेलियातली परिचारिका स्वस्थ बसेना. सहा आठवडे हृदयाचा रोगी आत पडून आहे, आणि एकदाही डॉक्टर नाही, औषधाची पुडी नाही. नवरा मात्र रोज चारला हसत येतो. तिच्या मनात नाही नाही ते येऊ लागलं. जानेवारीतल्या एका सकाळी तिने कायदा मोडला आणि दार वाजवलं.

"मला पाच मिनिटं तिची नाडी बघू द्या," ती म्हणाली. ऑरिन दारातून हलला नाही. ती झोपलीय, म्हणाला. ओफेलियाने एकवार त्याच्याकडे, एकवार माझ्याकडे पाहिलं. उद्यापर्यंत डॉक्टरला दाखवलं नाही तर मी तळाच्या ऑफिसात जाऊन सांगणार, असं बजावून ती गेली.

त्याला खोटं उघडं पडण्याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. हे लोक परत कधी 'वेल्डा कशी आहे' असं विचारणार नाहीत. ती दुसऱ्यांदा मरणार. त्यापेक्षा निघून जाऊ, म्हणजे निदान इथे तरी ती आजारी का होईना, आहेच अशी राहील. म्हातारा माणूस एकटेपणात असा काहीबाही विचार करतो, त्याला हसू नका.

दुसऱ्या दिवशी चार वाजता, सगळे बैठकीला गेल्यावर, त्याने विजेची तार काढली, नळी गुंडाळली आणि मला आकड्यावरून उतरवून काखेत धरलं. मागे वळला तर ओफेलिया उभी.

"जाताय? जा. पण वेल्डाचा निरोप घेतल्याशिवाय मी तुम्हाला जाऊ देणार नाही."

ऑरिन बाजूला झाला. त्याने स्वतःच दार उघडून दिलं. ओफेलिया आत गेली. पलंगाची एकच बाजू चुरगळलेली होती, मोरीत एक कप, एक चमचा. ती बाहेर येऊन पायरीवर बसली.

"किती दिवस झाले?"

"येत्या मार्चला दोन वर्षं."

"ती बरी व्हावी म्हणून मी तिच्या नावाने रोज मेणबत्ती लावतेय," ती म्हणाली. तिचा आवाज रागाने थरथरत होता. "प्वेब्लोला बहिणीला फोन करून तिलाही लावायला लावली. आणि ते सूप. हृदयाचं दुखणं म्हणून मी त्यात मिठाचा कणसुद्धा घातला नाही."

"कळलं होतं मला," ऑरिन म्हणाला. "अळणी होतं. पण वरून मीठ घ्यायला हात धजेना. तुम्ही ते तिच्यासाठी केलं होतं."

 ओफेलियाचा राग गेला नव्हता, पण त्यात आता दुसरंही काही मिसळलं होतं. असं का केलंत, तिने विचारलं. मग त्याने सांगितलं. गावात तिचं नाव कुणी घेत नाही, तुम्ही रोज घेत होता, ते सुटेना. हे सांगताना तो रडला. मी त्याच्या काखेत होते, त्याच्या फासळ्या हलत होत्या.

"मी कुणाला सांगणार नाही," ओफेलिया उठत म्हणाली. "तुम्हीच सांगायचं. आत्ता. नाहीतर खुशाल जा, नळी गुंडाळून झालीच आहे."

तो गेला. मला काखेत घेऊनच गेला, खुर्ची न्यायचं भानच राहिलं नाही. कडं करून बसलेल्या माणसांपुढे उभा राहून म्हणाला, "वेल्डा आजारी नाही. ती वारली आहे. तुम्ही सूप दिलंत, फुलं दिलीत, आणि मी तुमच्याशी रोज खोटं बोललो."

 एक बाई खुर्ची मिटून निघून गेली. आणि मर्व्ह उठला. त्याचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता. "पहिल्याच दिवशी, पहिल्याच वाक्याला खोटं," एवढं म्हणून तोही चालता झाला.

उरलेल्यांना कुठे बघावं ते कळेना. तेव्हा ओफेलियाने आपली खुर्ची ऑरिनकडे सरकवली आणि म्हणाली, "बसा. आणि आता खरं सांगा, कशी होती ती? सहा आठवडे तुम्ही तिला फारच गरीब गाय करून सांगताय."

ऑरिनने मला मांडीवर घेतलं.  "गरीब?" तो म्हणाला. "पत्त्यांत लबाडी करायची. पकडली की उलट माझ्यावरच चिडायची." कुणीतरी हळूच हसलं. ऊन उतरेपर्यंत तो बोलत होता. त्या संध्याकाळी त्याने मला पुन्हा आकड्याला टांगलं.

मर्व्ह मात्र चार दिवस बैठकीला फिरकला नाही. ऑरिन समोरून गेला की तोंड फिरवायचा. पाचव्या दिवशी सकाळी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. काखेत एक कोरी फळी होती. त्याने वेल्डाच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मला वाटलं, हा आता ते नाव घासून काढायला सांगणार. ऑरिन दारात आला.

"माझ्या बायकोचं नाव डोरीन," मर्व्ह म्हणाला. "सात वर्षं झाली. आमचीही अशीच पाटी होती. ती गेली त्या हिवाळ्यात मी ती पाटी इथल्याच शेकोटीत घातली, कुणी विचारू नये म्हणून. आणि कुणी विचारलं नाही. सात वर्षं या तळावर येतोय, पण डोरीन हे नाव इथे एकाही माणसाला ठाऊक नाही." त्याने फळी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "तू आम्हाला बनवलंस त्याचा राग आला, खरंय. पण त्याहून जास्त राग आला तो तुझी पाटी शिल्लक आहे याचा."

मग त्याने फळी पुढे केली. "मला अक्षरं जाळता येत नाहीत."

ऑरिनलाही येत नव्हती. तरी त्याने फळी घेतली. वेल्डाची लेखणी कपाटातून शोधून काढली आणि दोघे म्हातारे टेबलाशी बसले. तीन दिवस लागले. दोनदा बोट भाजलं, एक अक्षर इतकं जळलं की फळीतून धूर निघाला. ओफेलिया मलम घेऊन आली आणि दोघांना यथेच्छ बोलून गेली.

आता मी म्हातारी झालेय. वाळवंटातल्या उन्हाने माझा तांबूस रंग उडालाय, रोगणाचे पोपडे निघतात. समोरच्या गाडीपुढे नवी पाटी झुलते. तिची अक्षरं वेडीवाकडी आहेत, पण दुरूनही वाचता येतात. परवा तळावर नवं जोडपं आलं. त्यातली बाई चालता चालता थांबली, तिने 'डोरीन आणि मर्व्ह' असं मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "डोरीनताई दिसल्या नाहीत?" मर्व्ह म्हणाला, "ती वारली." बाई ओशाळली, घाईने पुढे निघाली. मर्व्हने तिला हाक मारून परत बोलावलं आणि बसायला खुर्ची दिली.

माझं मागणं एवढंच आहे. तुमच्या वाटेवर अशी दोन नावांची पाटी दिसली आणि दारात एकच माणूस उभं दिसलं, तर मान खाली घालून पुढे जाऊ नका. दुसऱ्याबद्दल विचारा. त्या माणसाचे डोळे भरून आले तरी विचारा. कुणीतरी विचारावं म्हणून तर त्याने ती पाटी बाहेर टांगलेली असते.