फाटकात उकळलेलं पेट्रोल

मित्रांनो, फियाटचं बॉनेट उघडलंत की इंजिनावर बसलेला एक तेलकट, भुरकट डबा दिसेल. तोच मी, कार्बोरेटर. माझ्या पोटात एक छोटी वाटी आहे. पंप तिच्यात पेट्रोल भरतो, मी ते हवेत मिसळून इंजिनाला देतो. काम लहानसं, पण मी थांबलो की अख्खी गाडी थांबते.

तरुणपणी माझं फार कौतुक झालं. "एका किल्लीत सुरू होते!" असं पहिले मालक येईल त्याला सांगत. पुढे ते थकले आणि गाडी ताडपत्रीखाली उभी राहिली. वाटीतलं पेट्रोल हळूहळू उडून गेलं. तळाशी उरला पिवळा, चिकट थर. माझी आठवणही कुणाला राहिली नाही. मग कन्नमवार नगरच्या बळवंतरावांनी गाडी घेतली, मला उघडून स्वच्छ करवून घेतलं, आणि मी पुन्हा कामाला लागलो.

पंच्याऐंशी सालचा मे महिना होता. भर दुपारी त्यांच्या लहानग्या चंदूने खेळता खेळता चिंचोका नाकात घातला. काढायला गेले तसा तो आणखी आत सरकला. त्याची आई नंदाताई त्याला मांडीवर घेऊन गाडीत बसल्या. घाटकोपरच्या डॉक्टरांकडे निघालो.

"तोंडाने श्वास घे राजा. नाक ओढू नकोस हं." चिंचोका श्वासनळीत गेला तर? त्यांच्या आवाजात ही एकच भीती होती.

नेमकं विक्रोळीचं रेल्वे फाटक बंद! बळवंतरावांनी इंजिन बंद केलं. वारा थांबला. खालून इंजिनाची धग, वरून ऊन. माझ्या वाटीतलं पेट्रोल उकळून गेलं, पंपातही वाफ अडकली. फाटक उघडलं तेव्हा मी रिकामा होतो.

किल्ली फिरली. घर्र, घर्र. मागून हॉर्न सुरू झाले.

"अहो, चोक नका ना ओढू, तो थंड इंजिनासाठी असतो! वास सुटलाय बघा पेट्रोलचा."

"मग काय करू, नंदा? बॅटरी उतरेल आता!"

"ओ शेठ, विका ती गाडी, बैल घ्या!" मागचा टेम्पोवाला ओरडला.

नंदाताईंनी चंदूला बाबांकडे दिलं आणि बॉनेट उघडलं. पंपाला बोट लावलं, चटकन मागे घेतलं. "केवढा तापलाय हो हा! ओलं फडकं ठेवायला हवं." पण पाण्याची बाटली घाईत घरीच राहिली होती. कडेला मासळीची टोपली उतरवून पुतळाबाई नावाची एक कोळीण उभी होती. नंदाताई तिच्याकडे धावल्या.

"मावशी, थोडा बर्फ द्याल? पोराला डॉक्टरकडे न्यायचंय."

"घे गो बाय! गाडीला ताप आलाय काय?" तिने टोपलीतून मूठभर बर्फ काढला. "बोंबील आलाय त्यात, तो दे परत!"

नंदाताईंनी बर्फ रुमालात गुंडाळून पंपावर दाबून धरला. हळूहळू वाफ निवली. "आता मारा किल्ली. चोक नको." पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा माझ्या वाटीत पेट्रोल उतरलं, आणि मी असा खोकलो, असा खोकलो, की इंजिन जागंच झालं!

दवाखान्याबाहेर मी कान देऊन उभा होतो. आतून चंदूचं रडणं आलं, मोठ्ठं, मोकळ्या नाकाचं. मागोमाग नंदाताई म्हणाल्या, "निघाला! निघाला एकदाचा!" त्या हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. मला मात्र फार हलकं वाटलं.

मित्रांनो, माझी वाटी अधूनमधून साफ करवून घ्या, गाडी फार दिवस उभी ठेवू नका. आणि यंत्र अडलं की त्याच्यावर ओरडण्याआधी एकदा हात लावून बघा, तापलंय का. तुमच्या आईला हे कुणी शिकवावं लागत नाही.